ल्हासाच्या वाटेवरचे जामीनदार

१८७४ साली दार्जिलिंगच्या भुतिया बोर्डिंग स्कूलला एक तरुण बंगाली हेडमास्तर मिळाला. नाव शरच्चंद्र दास. जन्म १८४९ चा, चितगावचा. शिक्षण कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात, तेही इंजिनिअरिंगचे. शाळेत सिक्कीम-तिबेटकडची मुले होती. त्यांच्यातून पुढे दुभाषे आणि मोजणीदार तयार व्हावेत, असा सरकारचा हिशेब. मास्तरांना मात्र या मुलांच्या भाषेचीच गोडी लागली. ती शिकवायला शेजारी माणूसही तसाच होता. शाळेतले तिबेटीचे शिक्षक उग्येन ग्यात्सो हे सिक्कीममधल्या रिंचेनपोंग मठाचे लामा. दोघांची मैत्री जमली आणि एका हिंदू मास्तराला हिमालयापलीकडचे बौद्ध जग खुणावू लागले.

त्या काळी तिबेटची दारे परक्यांना बंद होती. १८७८ साली उग्येन आपल्या मठाची भेट घेऊन शिगात्सेजवळच्या ताशिल्हुन्पो मठात गेले. हा पंचेन लामांचा मठ. तिथून परतताना त्यांनी मित्रासाठी परवाना आणला. मठाच्या विद्यार्थ्यांत दासांचे नाव दाखल झाले होते. विद्यार्थी ही ओळख खोटी नव्हती, पण पुरतीही नव्हती. पगार सरकारी होता आणि सामानात वह्यांबरोबर मोजणीची उपकरणेही होती.

१८७९ च्या जूनमध्ये दोघे मित्र निघाले. कांचनजंगाच्या बगलेतून, बर्फाच्या खिंडी ओलांडत जाणारी ती वाट. विरळ हवेत मास्तरांचे पाय चालेनात, तेव्हा वाटाड्या फुरचुंगने त्यांना पाठुंगळी घेतले. ताशिल्हुन्पोला पोचल्यावर त्यांना आसरा मिळाला तो मठाचे मंत्री सेंगचेन लामा यांचा. हे विद्वान गृहस्थ मोठे चौकस होते. मठाबाहेरच्या जगात कोणती शास्त्रे आहेत, छापण्याची यंत्रे कशी चालतात, हे सारे त्यांना समजून घ्यायचे होते. पाहुणा त्यांना पाश्चात्त्य विद्या सांगे, ते पाहुण्याला ग्रंथ उघडून देत. सहा महिन्यांत पाहुणा घरचाच झाला.

नोव्हेंबर १८८१ मध्ये दास आणि उग्येन पुन्हा निघाले. या वेळी ल्हासा गाठायचे होते. सेंगचेन लामांनी शब्द टाकला आणि फाला या सरदार घराण्यातल्या सूनबाईंनी दासांना आपल्या आश्रयाखाली घेतले. वाटेत यामद्रोक सरोवराकाठी दास इतके आजारी पडले, की जगण्याची आशा उरली नाही. सामदिंग मठाच्या प्रमुख दोर्जे फाग्मो यांनी त्यांची शुश्रूषा केली. मे १८८२ च्या अखेरीस ते ल्हासाला पोचले. शहरात देवीची साथ होती, मुक्काम जेमतेम दोन आठवड्यांचा झाला. तेवढ्यात त्यांनी पोताला राजवाडा पाहिला आणि सहा वर्षांच्या तेराव्या दलाई लामांचे दर्शनही घेतले. १८८३ च्या जानेवारीत ते परतले, तेव्हा सोबत दोनशेहून अधिक ग्रंथ होते.

पुढे मानसन्मान चालून आले. सरकारने रायबहादूर केले, लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने गौरविले. दासांचे अहवाल गोपनीय होते. तरी आलेला विद्यार्थी इंग्रजांचा माणूस होता, ही बातमी ल्हासाला पोचलीच. मग सुरू झाली वसुली.

बँकेत आयुष्य काढलेल्या माणसाला जामीनदार ही काय चीज असते, हे सांगावे लागत नाही. कर्ज एकाने घ्यायचे आणि तो हाती लागला नाही, की दुसऱ्याच्या दारावर जप्ती. दास दार्जिलिंगला सुखरूप होते. सेंगचेन लामांना पकडण्यात आले आणि १८८७ साली नदीत बुडवून मारण्यात आले. त्यांच्या पुनर्जन्माचा शोध घेण्यासही बंदी झाली. अवतारी लामाला याहून मोठी शिक्षा नाही; एका जन्माबरोबर पुढचे जन्मही पुसले गेले. फाला घराण्यातली माणसे तुरुंगात गेली. १९०४ साली इंग्रज फौज ल्हासात शिरली, तेव्हा या प्रकरणात खितपत पडलेले कैदी बाहेर आले. उजेड पाहायला त्यांना जवळजवळ वीस वर्षे लागली होती.

दास दार्जिलिंगला ‘ल्हासा व्हिला’ नावाच्या घरात राहत. तिथे १८९७ मध्ये एकाई कावागुची हा जपानी भिक्षू तिबेटी शिकण्याच्या इच्छेने आला. दासांनी त्याच्या शिकण्याची सोय करून दिली. तिबेटात मात्र जाऊ नये, असे समजावले. कावागुचीने ऐकले नाही. तोही वेष पालटून ल्हासाला गेला, १९०२ मध्ये निसटला आणि त्याच्याही मित्रांना तुरुंग भोगावा लागला. मात्र हे कळताच तो १९०३ मध्ये काठमांडूला गेला आणि नेपाळच्या महाराजांमार्फत दलाई लामांकडे मित्रांसाठी अर्ज धाडला.

दासांना दोषी ठरवणे सोपे आहे, पण न्यायाचे नाही. एवढी जबर किंमत पडेल, हे निघताना त्यांना दिसले असेल असे वाटत नाही. आणि त्यांनी आणलेले धन खरेच मोठे होते. क्षेमेंद्राची ‘अवदानकल्पलता’ त्यांनी संस्कृत आणि तिबेटी पाठांसह प्रसिद्ध केली. १९०२ साली त्यांचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश निघाला. अभ्यासक आजही तो उघडतात. १९१७ साली दास गेले.

कोशाच्या मुखपृष्ठावर नाव दासांचे आहे आणि ते रास्तच आहे. पण तो हाती घेताना परवाना आणणारा मित्र, पाठीवर घेणारा वाटाड्या, ल्हासाची वाट मोकळी करणाऱ्या फालांच्या सूनबाई आणि नदीत बुडवलेला तो चौकस यजमान, एवढी माणसे आठवायला हवीत. दासांच्या विद्येला जामीन तीच राहिली होती.