आनंदीबाईंचा अर्ज

गुण कमी पडले, आता डॉक्टरीचा नाद सोड, असे मीच नातीला सांगून बसले होते. रात्री आनंदीबाई जोशी आठवल्या नि माझीच मला लाज वाटली.

जन्म कल्याणचा, १८६५ चा. नवव्या वर्षी गोपाळरावांशी लग्न. चौदाव्या वर्षी मूल झाले, ते दहा दिवसांत गेले. १८८३ साली फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यक महाविद्यालयासाठी पत्र लिहिताना, आपले शिक्षण प्रवेशाच्या नियमांत पुरते बसत नाही, हे त्यांनी लपवले नाही. तरीही प्रवेश मागितला, आणि मिळाला! १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षेही पुरी नव्हती.

काल नातीचा अर्ज भरताना शेजारी मीच बसले होते.