पदके गेली, खेळ उभा राहिला

१७ सप्टेंबर १९२०. अमेरिकेच्या ओहायो राज्यातील कॅन्टन या कारखानदारीच्या शहरात, राल्फ हे नावाच्या मोटारविक्रेत्याच्या शोरूममध्ये काही मंडळी जमली होती. खुर्च्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा अनेकांनी विक्रीसाठी ठेवलेल्या मोटारींच्या फूटबोर्डवरच बैठक मारली. ही सारी मंडळी निरनिराळ्या गावांतील फुटबॉल संघांचे चालक होती. खेळाडूंची पळवापळवी, दर सामन्यागणिक वाढत जाणारे मानधन आणि कोलमडणारे हिशेब यांनी ती जेरीस आली होती. त्या बैठकीत अमेरिकन प्रोफेशनल फुटबॉल असोसिएशन ही संघटना आकारास आली. दोन वर्षांनी तिचे नाव नॅशनल फुटबॉल लीग असे झाले. आज ती जगातील सर्वात धनाढ्य क्रीडासंघटनांमध्ये गणली जाते.

संघटनेच्या अध्यक्षपदासाठी निवड झाली ती कॅन्टन बुलडॉग्ज संघाच्या एका खेळाडूची. कारभाराचा त्याला फारसा अनुभव नव्हता, परंतु त्याचे नाव देशभर ठाऊक होते आणि वृत्तपत्रांनी बातमी छापावी यासाठी असे नाव हवे होते. तो खेळाडू म्हणजे जिम थॉर्प. खेळासाठी पैसे घेतले या आरोपावरून अवघ्या सात वर्षांपूर्वी त्याची दोन ऑलिम्पिक सुवर्णपदके काढून घेण्यात आली होती. आता पैसे घेऊन खेळणाऱ्यांची संघटना उभी राहत होती, ती त्याच्याच नावाच्या आधारावर!

थॉर्पचा जन्म १८८७ च्या सुमारास आजच्या ओक्लाहोमा राज्यात झाला. तेव्हा तो प्रदेश इंडियन टेरिटरी या नावाने ओळखला जाई. तो सॅक अँड फॉक्स या मूळनिवासी जमातीचा. जमातीने त्याला दिलेले नाव होते वा-थो-हक. विजेच्या प्रकाशाने उजळलेली वाट, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. वाट मात्र सुरुवातीपासूनच खडतर निघाली. चार्ली हा त्याचा जुळा भाऊ नवव्या वर्षाच्या आसपास आजारपणात दगावला. पुढे काही वर्षांतच आईचे आणि पाठोपाठ वडिलांचे छत्र हरपले. शाळेत मन न रमणारा, वारंवार पळून घरी येणारा हा मुलगा १९०४ मध्ये पेनसिल्व्हेनियातील कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूलमध्ये दाखल झाला.

कार्लाइल ही साधी शाळा नव्हती. रिचर्ड प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ मध्ये ती स्थापन केली होती. मूळनिवासी मुलांना त्यांच्या भाषेपासून, वेषापासून आणि चालीरीतींपासून तोडून गोऱ्या समाजाच्या साच्यात बसवणे, हा तिचा उघड उद्देश होता. मुलांचे केस कापले जात, मातृभाषेत बोलण्यास मनाई असे, आणि त्यांना शेतांवर मजुरीसाठी धाडले जाई. या शाळेची कीर्ती देशभर पसरली ती मात्र फुटबॉलमुळे. हा फुटबॉल आपल्याकडचा पायाने खेळायचा खेळ नव्हे. लांबट चेंडू हातात धरून प्रतिस्पर्ध्यांची फळी भेदत धावायचे, चेंडू फेकायचा किंवा लाथेने गोलखांबांमधून धाडायचा, असा हा धसमुसळा खेळ. ग्लेन वॉर्नर हा त्या काळातील एक चतुर प्रशिक्षक कार्लाइलच्या संघाला घडवत होता.

थॉर्प वॉर्नरच्या नजरेत भरला तो १९०७ मध्ये. मैदानावर उंच उडीचा सराव चालला होता आणि उडीपटूंना आडवी काठी पार करता येत नव्हती. कामाच्या कपड्यांत तेथून जाणाऱ्या थॉर्पने सहज उडी मारली आणि काठी ओलांडली, अशी हकिकत सांगितली जाते. त्यानंतर हा मुलगा खेळाला वाहिला गेला. १९११ मध्ये कार्लाइलने बलाढ्य हार्वर्डला १८-१५ असे हरवले, तेव्हा थॉर्पने चार फील्ड गोल मारले होते. पुढच्या वर्षी लष्करी अकादमीच्या संघाचा २७-६ असा धुव्वा उडाला. ज्या लष्कराशी कार्लाइलच्या मुलांचे पूर्वज लढले होते, त्याच लष्कराचे हे भावी अधिकारी. त्यांच्या संघात ड्वाइट आयझेनहॉवर हा तरुणही होता. पुढे तो अमेरिकेचा अध्यक्ष झाला.

या दोन विजयांच्या मध्ये झाले १९१२ चे स्टॉकहोम ऑलिम्पिक. पाच प्रकारांची पेन्टॅथलॉन आणि दहा प्रकारांची डेकॅथलॉन या दोन्ही स्पर्धा थॉर्पने जिंकल्या. त्याचे बूट ऐनवेळी गहाळ झाले आणि त्याने मिळतील ते दोन विजोड बूट चढवून स्पर्धा पूर्ण केली, असे सांगतात. दोन वेगळ्या बुटांतील त्याचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. डेकॅथलॉनमध्ये दुसरा आलेला स्वीडनचा ह्यूगो वीसलँडर सुमारे सातशे गुणांनी मागे होता. स्वीडनचे राजे पाचवे गुस्ताव यांनी त्याचा गौरव केला आणि न्यूयॉर्कच्या रस्त्यांवरून त्याची मिरवणूक निघाली. ज्या देशासाठी त्याने ही पदके आणली, त्या देशात तेव्हा अनेक मूळनिवासींना नागरिकत्वही नव्हते. सर्वांना नागरिकत्व देणारा कायदा झाला तो १९२४ मध्ये.

कौतुकाचे हे दिवस सहा महिनेच टिकले. जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील एका वृत्तपत्राने बातमी छापली. १९०९ आणि १९१० च्या उन्हाळ्यात थॉर्प नॉर्थ कॅरोलायनातील छोट्या बेसबॉल संघांकडून पैसे घेऊन खेळला होता, अशी ती बातमी होती. रक्कम किरकोळ होती, खर्च भागण्यापुरती. सुटीत बेसबॉल खेळून चार पैसे मिळवणारे महाविद्यालयीन विद्यार्थी त्या काळी कितीतरी होते. बहुतेक जण खोटे नाव लावत. थॉर्पने स्वतःचे खरे नाव लावले, आणि तेच त्याच्या अंगाशी आले.

ऑलिम्पिक तेव्हा केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. ज्याला पोटासाठी काम करावे लागत नाही त्यानेच निर्मळ मनाने खेळावे, हा त्या नियमामागचा सुखवस्तू वर्गाचा विचार. अमेरिकेच्या हौशी क्रीडासंघटनेने थॉर्पला दोषी ठरवले. त्याच्या नावाने एक माफीपत्र गेले. आपण अजाण विद्यार्थी होतो, अशा आशयाच्या या पत्रामागे वॉर्नरचाच हात होता, असे अनेक अभ्यासक मानतात. वॉर्नरने आपल्याला काहीच ठाऊक नसल्याचे सांगून हात झटकले. स्पर्धेविषयीची हरकत ३० दिवसांच्या आत घ्यावी, असा ऑलिम्पिकच्या संयोजकांचा नियम होता. येथे सहा महिने उलटून गेले होते, तरीही त्या नियमाची आठवण कोणी ठेवली नाही. पदके आणि चषक परत गेले. विजेत्यांच्या यादीतून थॉर्पचे नाव खोडले गेले.

हौशी खेळाची दारे बंद झाल्यावर व्यावसायिक खेळ हाच मार्ग उरला. त्याच वर्षी न्यूयॉर्क जायंट्स या बेसबॉल संघाने त्याला करारबद्ध केले. बेसबॉलमध्ये तो १९१९ पर्यंत वरच्या दर्जाच्या संघांतून खेळला, पण तो त्याचा खरा खेळ नव्हता. त्याचा खरा खेळ ओहायोत त्याची वाट पाहत होता.

व्यावसायिक फुटबॉलला तेव्हा प्रतिष्ठा नव्हती. खरा फुटबॉल विद्यापीठांचा, असा सार्वत्रिक समज होता. ओहायोतील पोलादाच्या आणि यंत्रांच्या कारखान्यांच्या शहरांत रविवारी सामने होत. आठवडाभर अन्यत्र राबणारे खेळाडू रविवारी चामडी टोप्या घालून, कधी त्याही न घालता, चिखलात उतरत. काही जण आज एका संघात तर पुढच्या रविवारी दुसऱ्या. कॅन्टन आणि शेजारचे मॅसिलॉन यांचे वैर विशेष गाजलेले. १९०६ मध्ये या दोन गावांच्या सामन्यांत पैजेच्या पैशांवरून लाचलुचपतीचे आरोप झाले आणि तेथील व्यावसायिक फुटबॉल काही वर्षे थंडावला.

१९१५ मध्ये कॅन्टनचा व्यवस्थापक जॅक क्युसॅक याने थॉर्पला एका सामन्यासाठी २५० डॉलर देऊ केले. कॅन्टनच्या सामन्यांना हजार-बाराशे प्रेक्षक येत. एवढी रक्कम देऊन हा मनुष्य दिवाळे काढणार, असे त्याच्या मित्रांना वाटले. परंतु मॅसिलॉनविरुद्धच्या सामन्याला थॉर्पला पाहण्यासाठी हजारोंची गर्दी लोटली. पहिला सामना कॅन्टनने १६-० असा गमावला. दुसरा सामना ६-० असा जिंकला, आणि ते सहाही गुण थॉर्पच्या दोन फील्ड गोलचे होते. मॅसिलॉनकडून खेळणाऱ्यांत नूट रॉकनी हा पुढे प्रशिक्षक म्हणून नावारूपास आलेला खेळाडू होता. त्या सामन्यात प्रेक्षक मैदानाच्या टोकाच्या पट्टीत घुसले आणि शेवटच्या क्षणांत मॅसिलॉनचा एक खेळाडू चेंडूसह त्या गर्दीत शिरला. चेंडू हातातून निसटला की प्रेक्षकाने पाडला, हा वाद पुढे कित्येक वर्षे चालला.

थॉर्पमुळे व्यावसायिक फुटबॉलला प्रेक्षक मिळू शकतात, हे सिद्ध झाले. १९१६, १९१७ आणि १९१९ मध्ये कॅन्टनने स्वतःला जगज्जेते म्हणवून घेतले, आणि तो दावा सहसा कोणी नाकारला नाही. या संघात थॉर्प एकटा नव्हता. कार्लाइलचे त्याचे जुने सोबती तेथे आले. कॅलिफोर्नियातील लुइसेनो जमातीचा पीट कॅलॅक पहिल्या महायुद्धात युरोपात लढून परतला आणि पुन्हा कॅन्टनकडून खेळू लागला. ओजिब्वे जमातीचा जो गायन १९१९ मध्ये संघात आला. ज्या शाळेने त्यांची ओळख पुसायचा प्रयत्न केला होता, तिच्या मैदानावर शिकलेला खेळ आता त्यांना पोटापाण्याचे साधन देत होता.

१९२० च्या त्या बैठकीनंतर अध्यक्षपद थॉर्पकडे वर्षभरच राहिले. १९२१ मध्ये ते जो कार या कसलेल्या व्यवस्थापकाकडे गेले. कॅन्टन बुलडॉग्जने १९२२ आणि १९२३ अशी दोन वर्षे एकही सामना न हरता लीगचे विजेतेपद पटकावले. तेव्हा थॉर्प त्या संघात नव्हता.

तो होता लारू या ओहायोतील चिमुकल्या खेड्यात. तेथे वॉल्टर लिंगो हा एअरडेल जातीची कुत्री पैदा करून विकत असे. आपल्या कुत्र्यांची जाहिरात व्हावी म्हणून त्याने ऊरँग इंडियन्स हा संघ काढला. खेळाडू सारे मूळनिवासी, प्रशिक्षक आणि प्रमुख आकर्षण थॉर्प. लीगचे सदस्यत्व १०० डॉलरला मिळाले, आणि लिंगोचे एक कुत्रे त्याहून महाग विकले जाई. सामन्याच्या मध्यंतरात खेळाडूंनी विश्रांती घ्यायची नाही, तर कुत्र्यांचे खेळ दाखवायचे, कुऱ्हाडी फेकायच्या, नाच करायचा. एकदा तर एका खेळाडूने अस्वलाशी झुंज घेतल्याचेही सांगतात. कॅलॅक आणि गायन याही संघात होते. दोन मोसमांत २० पैकी अवघे चार सामने त्यांनी जिंकले. लोक सामन्यापेक्षा तमाशा पाहायला येत. नवलाई ओसरली आणि १९२३ अखेर संघ मोडीत निघाला.

त्यानंतर थॉर्प संघामागून संघ बदलत राहिला. पाय पूर्वीसारखे धावत नव्हते, तरी तिकिटे खपत, म्हणून नाव चालत होते. १९२८ मध्ये, वयाची चाळिशी उलटल्यावर, शिकागो कार्डिनल्सकडून तो अखेरचा सामना खेळला. पुढच्याच वर्षी महामंदी आली. हॉलिवूडच्या चित्रपटांत किरकोळ भूमिका, लॉस एंजेलिसमध्ये खोदकामाची मजुरी, कारखान्यात पहारेकऱ्याची नोकरी, अशी वर्षे सरली. दारूचे व्यसन जडले, दोन विवाह मोडले. १९३१ मध्ये त्याने आपल्या जीवनकथेचे चित्रपट-हक्क १५०० डॉलरना विकून टाकले. १९३२ चे ऑलिम्पिक लॉस एंजेलिसलाच भरले, परंतु तिकीट काढणे त्याला परवडणारे नव्हते. हे कळल्यावर उपाध्यक्ष चार्ल्स कर्टिस यांनी त्याला आपल्या शेजारी बसवले. कर्टिस स्वतः मूळनिवासी वंशाचे होते. थॉर्पला पाहून प्रेक्षकांनी उभे राहून त्याला मानवंदना दिली.

१९५० मध्ये असोसिएटेड प्रेसच्या पाहणीत क्रीडापत्रकारांनी थॉर्पला अर्धशतकातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरवले. पुढच्या वर्षी बर्ट लँकेस्टरची भूमिका असलेला चित्रपट झळकला. त्याच वर्षी ओठाच्या कर्करोगावरील उपचारांसाठी थॉर्पला धर्मादाय रुग्ण म्हणून रुग्णालयात दाखल व्हावे लागले. २८ मार्च १९५३ रोजी कॅलिफोर्नियात हृदयविकाराने त्याचा मृत्यू झाला.

मृत्यूनंतरही व्यवहार थांबला नाही. त्याची तिसरी पत्नी पॅट्रिशिया हिने पार्थिव पेनसिल्व्हेनियातील दोन जोडगावांच्या स्वाधीन केले. पर्यटक येतील या आशेने त्या गावांनी एकत्र येऊन १९५४ मध्ये जिम थॉर्प हेच नाव धारण केले. या गावी तो कधी राहिला नव्हता. पार्थिव ओक्लाहोमाच्या भूमीत आणावे यासाठी त्याच्या मुलांनी न्यायालयीन लढा दिला, पण २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकण्यास नकार दिला.

पदकांचा लढा अधिक लांबला. १९८२ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला संयुक्त विजेता मानले आणि पुढच्या वर्षी त्याच्या मुलांना पदकांच्या प्रतिकृती दिल्या. एकमेव विजेता म्हणून त्याचे नाव यादीत परत आले ते जुलै २०२२ मध्ये, म्हणजे स्पर्धेनंतर ११० वर्षांनी. वीसलँडरच्या कुटुंबीयांनी त्याला आनंदाने संमती दिली, कारण ते पदक आपले आहे असे वीसलँडरने कधी मानलेच नव्हते. ऑलिम्पिकमध्ये तोवर व्यावसायिक खेळाडू सर्रास उतरत होते.

कॅन्टनमध्ये १९६३ साली व्यावसायिक फुटबॉलचे स्मृतिदालन उघडले. पहिल्या मानकऱ्यांत थॉर्प होता. जो गायनला तो मान १९६६ मध्ये मिळाला. दालनात प्रवेश करताच चेंडू काखेत घेऊन धावणाऱ्या थॉर्पचा ब्राँझचा पुतळा सामोरा येतो. ज्या खेळाडूंना आज कोट्यवधी डॉलरचे करार मिळतात, ते सारे या पुतळ्याच्या पुढूनच आत जातात. पैसे घेऊन खेळणे हा गुन्हा नाही, हे जगाला पटायला बराच काळ गेला. त्या काळाची किंमत थॉर्पने मोजली होती.