कमला सोहोनी

डॉ. कमला सोहोनी (माहेरच्या कमला भागवत, १८ जून १९११, इंदूर – जून १९९८, नवी दिल्ली) या भारतीय जीवरसायनशास्त्रज्ञ होत्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी प्रवेश मिळवणाऱ्या पहिल्या स्त्रियांमध्ये त्यांची गणना होते. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. मिळवून ब्रिटिश विद्यापीठातून विज्ञान विषयात ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. डाळींतील प्रथिने, वनस्पतींतील श्वसनविकरे आणि नीरेचे पोषणमूल्य हे त्यांच्या संशोधनाचे मुख्य विषय होते. प्रयोगशाळेतील प्रशिक्षण स्त्रियांसाठी जवळजवळ बंद असताना त्यांनी ते झगडून मिळवले आणि पुढे मुंबईत अध्यापक म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती दिले.

प्रारंभिक जीवन

कमलाबाईंचे वडील नारायणराव भागवत आणि काका माधवराव भागवत हे दोघेही रसायनशास्त्रज्ञ होते व बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतच शिकलेले होते. जमशेटजी टाटा यांच्या पुढाकारातून उभी राहिल्यामुळे ही संस्था त्या काळी टाटा इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाई. प्रसिद्ध लेखिका व लोकसाहित्याच्या अभ्यासक दुर्गा भागवत या कमलाबाईंच्या थोरल्या बहीण. घरात विद्येचे वातावरण असल्याने वडिलांच्या वाटेने जाण्याचे कमलाबाईंनी लवकरच ठरवले होते. १९३३ मध्ये त्यांनी मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी घेतली. रसायनशास्त्र हा त्यांचा मुख्य, तर भौतिकशास्त्र हा दुय्यम विषय होता.

बंगळूर येथील प्रवेश

पदवीनंतर त्यांनी भारतीय विज्ञान संस्थेकडे प्रवेशासाठी अर्ज केला. १९३० चे नोबेल पारितोषिक विजेते सर चंद्रशेखर वेंकट रामन हे १९३३ पासून संस्थेचे संचालक होते. गुणवत्तेत काहीही उणे नसताना केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांचा अर्ज नाकारण्यात आला. कमलाबाई बंगळूरला गेल्या, संचालकांना प्रत्यक्ष भेटल्या आणि प्रवेश मिळेपर्यंत त्यांनी सत्याग्रहाचा मार्ग धरला.

अखेर प्रवेश मिळाला, पण अटींसह. पहिले वर्ष परीविक्षेचे राहील व नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता मिळणार नाही; मार्गदर्शक सांगतील तेव्हा, प्रसंगी रात्री उशिरापर्यंत, काम करावे लागेल; आणि पुरुष विद्यार्थ्यांचे लक्ष विचलित होईल असे वर्तन घडता कामा नये, असे त्या अटींचे स्वरूप होते. हा अपमान त्यांच्या मनात आयुष्यभर राहिला. तथापि वर्षभरातील त्यांचे काम पाहून संचालकांचे समाधान झाले, त्यांना नियमित संशोधनाची परवानगी मिळाली आणि त्यानंतर संस्थेची दारे अन्य विद्यार्थिनींसाठीही उघडली.

डाळींवरील संशोधन

बंगळूरला त्यांनी एम. श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध, कडधान्ये आणि डाळी यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. डाळींतील प्रथिनेतर नायट्रोजनावरील या दोघांचा शोधनिबंध १९३५ मध्ये बायोकेमिकल जर्नल या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

या विषयाचे महत्त्व व्यावहारिक आहे. अन्नातील प्रथिन मोजण्याच्या केल्डाल पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिनाचे प्रमाण काढले जाते. परंतु सर्वच नायट्रोजन प्रथिनांतून आलेला नसतो. जो अन्य द्रव्यांतून येतो तो वेगळा काढला नाही, तर डाळ आहे त्याहून अधिक प्रथिनयुक्त भासते. म्हणून मिश्रणातील घटक आधी विलग करणे व मगच मोजणे आवश्यक ठरते. मांसाहार परवडत नाही किंवा चालत नाही अशा कुटुंबांत डाळ हाच प्रथिनांचा मोठा आधार असल्याने या मोजणीचा संबंध थेट ताटाशी येतो. नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर या आदिवासीबहुल तालुक्याची तूरडाळ आज भौगोलिक मानांकनप्राप्त आहे. अशा पिकाचे पोषणमूल्य ठरवतानाही हाच प्रश्न पुढे येतो.

१९३६ मध्ये कमलाबाईंनी एम.एस्सी. पदवी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

केंब्रिज

१९३७ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या. केंब्रिजच्या न्यूनहॅम महाविद्यालयात त्यांनी नाव नोंदवले आणि सर फ्रेडरिक गॉलंड हॉपकिन्स यांच्या जीवरसायन प्रयोगशाळेत काम सुरू केले. जीवनसत्त्वांच्या संशोधनासाठी हॉपकिन्स यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. आरंभी डेरेक रिक्टर हे कमलाबाईंचे मार्गदर्शक होते. ते अन्यत्र गेल्यानंतर त्यांनी वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणावरील कार्यासाठी ख्यातनाम असलेल्या रॉबिन हिल यांच्याकडे काम केले.

पेशींच्या श्वसनात भाग घेणारी सायटोक्रोम ही रंजकद्रव्ये डेव्हिड केलिन यांनी १९२५ मध्ये केंब्रिज येथेच ओळखली होती. या द्रव्यांतून प्रकाश गेला की वर्णपटात ठरावीक जागी काळे पट्टे दिसतात व त्यांवरून द्रव्याची ओळख पटते. कमलाबाईंनी बटाट्यापासून आरंभ करून वनस्पतींच्या ऊतींचा अभ्यास केला आणि सायटोक्रोम सी हे द्रव्य वनस्पतींतही श्वसनक्रियेत सहभागी असते हे दाखवले. हिल व भागवत यांचा सपुष्प वनस्पतींतील सायटोक्रोम ऑक्सिडेजवरील निबंध १९३९ मध्ये नेचर या साप्ताहिकात आला. अवघ्या १४ महिन्यांत पूर्ण केलेल्या आणि सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर त्यांना पीएच.डी. मिळाली.

त्याच वर्षांत त्याच विद्यापीठात पृथक्करणाच्या नव्या तंत्राची बीजे रुजत होती. हॉपकिन्स यांच्या विभागात रिचर्ड सिंज हे ॲमिनो आम्ले विलग करण्याच्या खटपटीत होते, तर आर्चर मार्टिन हे १९३८ पर्यंत केंब्रिजच्या डन पोषण प्रयोगशाळेत होते. या दोघांनी पुढे लीड्स येथे विभाजन क्रोमॅटोग्राफी विकसित करून १९४१ मध्ये जाहीर केली. १९४४ मध्ये मार्टिन व सहकाऱ्यांनी कागदी क्रोमॅटोग्राफी आणली आणि १९५२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मार्टिन व सिंज यांना मिळाले. अणूंचे वस्तुमान मोजणारे उपकरणही फ्रान्सिस ॲस्टन यांनी १९१९ मध्ये केंब्रिजलाच तयार केले होते. मात्र प्रथिनांसारख्या मोठ्या रेणूंसाठी मास स्पेक्ट्रोमेट्री वापरात येण्यास आणखी अनेक दशके लागली. कमलाबाईंचे प्रशिक्षण झाले ते या यंत्रांच्या आधीच्या पिढीतले. त्यांचा भर क्षारांनी प्रथिने साकळवणे, गाळणे, विकराची क्रियाशीलता मोजणे आणि वर्णपट वाचणे या हातच्या कौशल्यांवर होता.

भारतातील कार्य

१९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी जीवरसायन विभागाच्या प्रमुखपदी काम केले. पुढे कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या व तेथे त्यांनी जीवनसत्त्वांवर संशोधन केले. १९४७ मध्ये विमागणितज्ञ एम. व्ही. सोहोनी यांच्याशी विवाह झाल्यावर त्या मुंबईस आल्या आणि विज्ञान संस्थेच्या जीवरसायन विभागात प्राध्यापक म्हणून रुजू झाल्या.

येथे त्यांनी विद्यार्थ्यांसह सामान्य माणसाच्या आहारातील पदार्थांवर काम उभे केले. कच्च्या कडधान्यांत पचनाला अडथळा आणणारे ट्रिप्सिन-रोधक घटक असतात. उष्णतेने त्यांचा जोर बऱ्याच अंशी नाहीसा होतो, म्हणून डाळी नीट शिजवणे पोषणाच्या दृष्टीने महत्त्वाचे असते. भारतीय खाद्यपदार्थांतील अशा घटकांचा अभ्यास त्यांच्या विभागात झाला.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेचे संशोधन हाती घेतले. ताडाच्या झाडापासून मिळणारा हा गोड रस आंबला की त्याची ताडी होते. ताज्या नीरेत जीवनसत्त्वे व लोह असते आणि ताडगुळातही त्यांतील काही अंश टिकतो असे त्यांच्या विभागात आढळले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले व गरोदर स्त्रिया यांच्या आहारात तिचा समावेश केल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसून आली. या कार्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध प्रकल्पालाही दुधाच्या गुणवत्तेबाबत त्यांनी सल्ला दिला.

ज्येष्ठता व पात्रता असूनही संस्थेचे संचालकपद त्यांना सुमारे चार वर्षे नाकारले गेले. अखेर ते त्यांच्याकडे आले.

ग्राहक चळवळ

१९६६ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या संस्थेच्या कार्यात त्यांचा सक्रिय सहभाग होता. १९८२-८३ मध्ये त्या तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या कीमत या नियतकालिकात त्यांनी ग्राहकांच्या सुरक्षिततेविषयी लेखन केले. प्रयोगशाळेतील परीक्षणाचा उपयोग बाजारातील ग्राहकाला झाला पाहिजे, ही भूमिका या कार्यामागे होती.

मृत्यू

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने नवी दिल्ली येथे आयोजित केलेल्या सत्कार समारंभात त्या कोसळल्या व त्यानंतर लवकरच, जून १९९८ मध्ये, त्यांचे निधन झाले.

महत्त्व

भेसळ, कीटकनाशकांचे अंश आणि औषधांची शुद्धता तपासण्यासाठी आज क्रोमॅटोग्राफी व मास स्पेक्ट्रोमेट्री यांची जोड दिली जाते. पहिले तंत्र मिश्रणातील घटक विलग करते, तर दुसरे त्यांची वस्तुमानावरून ओळख पटवते. यंत्रे बदलली तरी नमुना सिद्ध करण्यातील काटेकोरपणा आणि निष्कर्षाविषयीची सावधगिरी प्रत्यक्ष प्रयोगशाळेतच शिकावी लागते. त्यामुळे प्रयोगशाळेत कोणाला प्रवेश मिळतो हा प्रश्न विज्ञानाच्या गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा ठरतो. नवापूरसारख्या तालुक्याच्या गावातील विद्यार्थिनीही आज संशोधन संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करू शकते. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर तरुणीला याच हक्कासाठी सत्याग्रह करावा लागला होता.