कावसजी दादाभाई नायगमवाला
कावसजी दादाभाई नायगमवाला (१८५७ – १९३८) हे भारतीय खगोलशास्त्रज्ञ होते. पुण्यातील महाराजा तख्तसिंहजी वेधशाळेचे ते संस्थापक व संचालक होते. ताऱ्यांच्या व तेजोमेघांच्या प्रकाशाचा वर्णपटाद्वारे अभ्यास करणाऱ्या पहिल्या भारतीयांत त्यांची गणना होते.

शिक्षण व वेधशाळेची स्थापना

पारशी कुटुंबात जन्मलेल्या नायगमवालांचे शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात झाले. १८७८ मध्ये ते एम.ए. झाले आणि १८८२ मध्ये त्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे अध्यापक म्हणून रुजू झाले. त्याच वर्षी भावनगरचे महाराजा तख्तसिंहजी यांनी वर्णपटविज्ञानाच्या प्रयोगशाळेसाठी ५,००० रुपयांची देणगी दिली व सरकारने तेवढीच भर घातली. १८८४ मध्ये नायगमवाला इंग्लंडला गेले. तेथील खगोलशास्त्रज्ञांशी झालेल्या विचारविनिमयानंतर प्रयोगशाळेऐवजी वेधशाळा उभारावी, असे ठरले. ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये (नंतरचे अभियांत्रिकी महाविद्यालय) उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांनी बनवलेली तेथील २० इंची परावर्ती दुर्बीण त्या काळी भारतातील सर्वांत मोठी होती.

मृगातील तेजोमेघ

तेजोमेघांच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात मूलद्रव्याशी ती जुळत नसल्याने तिच्या उगमाविषयी मोठा वाद होता. नॉर्मन लॉकियर यांच्या मते तेजोमेघ म्हणजे परस्परांवर आदळणाऱ्या उल्कांचे थवे होते आणि ही रेषा तापलेल्या मॅग्नेशियमच्या वर्णपटातील एका पट्ट्याची कडा होती. विल्यम हगिन्स यांना हे मान्य नव्हते. मत खरे असेल, तर रेषा एका बाजूस अस्पष्ट होत गेलेली दिसायला हवी होती. नायगमवालांनी पुण्याहून मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे वेध घेतले, तेव्हा ती सर्व परिस्थितींत बारीक व रेखीवच आढळली. १८९१ मध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या मासिकात प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष लॉकियर यांच्यासारख्या मातब्बराच्या विरुद्ध जाणारा होता. ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची असल्याचे पुढे १९२७ मध्ये आयरा बोवेन यांनी दाखवले.

१८९८ चे सूर्यग्रहण

२२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रातून गेला. लॉकियर यांनी विजयदुर्गास तळ दिला, तर पुणे–सोलापूर लोहमार्गावरील जेऊर येथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे पथक उतरले. नायगमवालांनीही आपले पथक जेऊरलाच नेले. मुंबई इलाख्यात प्लेगची साथ असतानाच्या या मोहिमेत त्यांनी ग्रहणकाळातील वर्णपटाची छायाचित्रे घेतली. तिचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये प्रसिद्ध झाला.

वेधशाळेची अखेर

पुण्याची वेधशाळा बव्हंशी एका माणसाच्या बळावर चालली, हेच तिचे दुबळेपण ठरले. दरम्यान सरकारने कोडईकनाल येथे सौर वेधशाळा स्थापन केली होती. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त होताच पुण्याची वेधशाळा बंद करण्यात आली आणि तिची उपकरणे कोडईकनालला रवाना झाली. त्यानंतर नायगमवाला २६ वर्षे जगले. २० इंची दुर्बीण मात्र तेथे दीर्घकाळ वापराविना पडून होती. विसाव्या शतकाच्या मध्यास ती ‘भावनगर दुर्बीण’ या नावाने पुन्हा उभारली गेली आणि १९८० च्या दशकात नव्या वेधशाळेसाठी योग्य जागेचा शोध घेण्याकरिता लडाखमधील लेह येथे नेण्यात आली.