नायगावची लेक आणि गंज पेठेतील घर

कार्यपरत्वे पुण्यास जाणाऱ्या आपल्या ज्ञातिबांधवांनी व भगिनींनी गंज पेठेतील, म्हणजे आताच्या महात्मा फुले पेठेतील, फुले वाडा अवश्य पाहावा. शासनाने तो स्मारक म्हणून जतन केला आहे. खंडाळा तालुक्यातील मंडळींस तर तो परका नव्हेच. कारण त्या घराची गृहिणी आपल्या नायगावची. (हा खंडाळा सातारा जिल्ह्यातील, बोरघाटातील हवा खाण्याचा नव्हे.)

सावित्रीबाईंचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी झाला. तेथील जन्मघरही जतन केलेले आहे. १८४० साली जोतीरावांशी विवाह झाल्यावर त्या पतीपाशी शिकल्या आणि १८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात निघालेल्या मुलींच्या शाळेत शिकवू लागल्या. हे शाळकरी पोरही जाणते. तो भिडे वाडा मात्र २०२३ साली नव्या स्मारकासाठी पाडण्यात आला.

शाळा काढणे कठीण खरे; परंतु आपले घर दुसऱ्यांस मोकळे करणे त्याहून कठीण, असे आयुष्यभर मास्तरकी केलेल्या माझे मत आहे. शाळा सायंकाळी बंद करून घरी परतता येते. घरातून परतावे कोठे? १८६३ साली या दांपत्याने फसलेल्या विधवांच्या बाळंतपणाची सोय केली. अशाच एका ब्राह्मण विधवेचे मूल त्यांनी १८७४ साली दत्तक घेतले; तोच यशवंत, पुढे डॉक्टर झालेला. १८६८ साली घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांस खुला केला. त्या काळी याचा अर्थ काय होता, हे आपल्या वडीलधाऱ्यांस सांगावयास नको.

परसात तुळशीवृंदावन आहे, तीच जोतीरावांची समाधी. आपला देह मिठात पुरावा अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेची अनुमती न मिळाल्याने दहन झाले व अस्थी येथे ठेवल्या. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते निवर्तले, तेव्हा दत्तक पुत्राच्या अधिकारास भाऊबंदांनी हरकत घेतली. सावित्रीबाईंनी वाद घातला नाही. टिटवे स्वतःच हाती धरून त्या अंत्ययात्रेपुढे चालू लागल्या.

पुढे १८९७ च्या प्लेगात यशवंतरावांनी हडपसरजवळ दवाखाना घातला. मुंढव्याच्या एका आजारी मुलास बाईंनी पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले. मूल वाचले. बाईंस मात्र लागण झाली, आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.