हाडांनाही शिक्षा

चौकहून पनवेलला आपण जातोच. तिथलं सिनेगॉग १८४९ चं आहे, हे कितीजणांना माहीत आहे? रायगडातले बेने इस्राएल, म्हणजे आपले ज्यू, तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे. म्हणून गावात त्यांचं नाव ‘शनिवार तेली’. (जात बघितलीच असणार, ते वेगळं.) पण ज्यू म्हणून कोणी त्यांच्या मागे लागलं नाही.

याच किनाऱ्यावर खाली गोव्यात मात्र वेगळंच चाललं होतं. पणजीत चर्चजवळच्या बागेत तुम्ही फोटो काढला असेल. मीपण काढलाय. तिचं नाव गार्सिया द ओर्ता. कोण हा, हे तेव्हा मी विचारलंही नाही.

हा पोर्तुगीज डॉक्टर. १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं, त्यात त्याचे आईवडील होते. ते पोर्तुगालला आले, तर १४९७ मध्ये तिथे ज्यूंना जबरदस्तीने ख्रिश्चन केलं. गार्सिया जन्मला तो ख्रिश्चन म्हणूनच, पण अशा घरांवर ‘नवे ख्रिश्चन’ हा शिक्का पिढ्यान्‌पिढ्या राहायचा.

१५३४ मध्ये तो गोव्यात आला. व्हाइसरॉयचा डॉक्टर झाला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाशी दोस्ती झाली. मुंबई बेट त्याच्याकडे चक्क भाड्याने होतं! १५६३ मध्ये गोव्यातच त्याचं पुस्तक छापलं गेलं. त्यात आपले मसाले, औषधं, कॉलरा, आणि मुंबईतलं त्याचं वर्षातून दोनदा फळणारं आंब्याचं झाडसुद्धा. स्वतःच्या ज्यू घराण्याबद्दल मात्र गप्प. राहणारच, कारण १५६० पासून गोव्यात इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय बसलं होतं.

१५६८ मध्ये तो वारला. पुढच्याच वर्षी बहीण कातारीनाला जाळून मारलं. तोही मनातून ज्यूच होता, असं घरच्यांनीच कबुलीत सांगितलं. त्यांना नावं ठेवू नका, कोठडीत कबुली कशी घेतात हे तुम्हाला कळतं.

बाप्तिस्मा घेतला तरी रक्त ज्यूचंच, हा हिशोब पुढे हिटलरनेही केला. १९३५ च्या न्यूरेंबर्ग कायद्यांत आजी-आजोबा मोजले गेले आणि पुरावा म्हणून चर्चच्याच बाप्तिस्म्याच्या वह्या वापरल्या. पाद्री त्यातून दाखले काढून देत होते.

गार्सियाचं प्रकरण त्याच्या मरणानेही मिटलं नाही. १५८० मध्ये, बारा वर्षांनी, त्याची हाडं कबरीतून उकरून जाळली.