गोपाळ कृष्ण गोखले

गोपाळ कृष्ण गोखले (जन्म : ९ मे १८६६, कोतळूक, मृत्यू : १९ फेब्रुवारी १९१५, पुणे) हे भारतीय राष्ट्रीय सभेतील मवाळ पक्षाचे नेते, अध्यापक आणि भारत सेवक समाजाचे संस्थापक होते. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे व त्याच्या खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा, यासाठी त्यांनी १९११ साली मांडलेले विधेयक हे त्यांच्या संसदीय कार्यातील सर्वांत महत्त्वाचे कार्य मानले जाते.

पूर्वायुष्य

गोखले यांचा जन्म रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर तालुक्यात एका सामान्य कुटुंबात झाला. वडिलांच्या अकाली निधनानंतर थोरले बंधू गोविंदराव यांनी नोकरी पत्करून धाकट्या भावाच्या शिक्षणाचा भार वाहिला. १८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयातून ते बी.ए. झाले. पुढे डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य होऊन त्यांनी न्यू इंग्लिश स्कूल व फर्ग्युसन महाविद्यालयात १९०२ पर्यंत अध्यापन केले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांना ते गुरुस्थानी मानीत. आकडेवारीच्या आधारे सरकारी अंदाजपत्रकाची चिकित्सा करण्याची शिस्त त्यांना रानड्यांकडूनच लाभली.

सार्वजनिक कार्य

१८९९ मध्ये गोखले मुंबई कायदेमंडळावर निवडून आले आणि १९०२ पासून ते केंद्रीय कायदेमंडळात बसू लागले. पुणे नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. स्थानिक संस्थांवर कामे सोपवली जातात, परंतु त्यांच्या हाती पुरेसा पैसा नसतो, ही अडचण त्यांना तेथे जवळून पाहता आली. १९०५ साली त्यांनी पुण्यात भारत सेवक समाजाची स्थापना केली. त्याच वर्षी ते राष्ट्रीय सभेच्या बनारस अधिवेशनाचे अध्यक्ष झाले.

प्राथमिक शिक्षण विधेयक

सयाजीराव गायकवाड यांनी बडोदे संस्थानात अमरेली तालुक्यापासून आरंभ करून १९०६ मध्ये सर्वत्र सक्तीचे शिक्षण लागू केले होते. एका संस्थानाला जे साधले ते ब्रिटिश हिंदुस्थान सरकारला अशक्य का असावे, असा गोखल्यांचा प्रश्न होता. १९१० साली त्यांनी या विषयावर ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी विधेयक सादर केले.

विधेयक सावधपणे आखलेले होते. ज्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील, तेथेच नगरपालिकेला किंवा जिल्हा मंडळाला सरकारच्या संमतीने सक्ती लागू करता येणार होती. प्रारंभी ती ६ ते १० वर्षांच्या मुलग्यांपुरती होती. मुलींना पुढे यथावकाश सामावून घेण्याची तरतूद होती. दरमहा १० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना फी माफ होती. स्थानिक संस्थांना शिक्षणकर बसविण्याची मुभा होती. मात्र एकूण खर्चाचा दोन तृतीयांश भाग सरकारने सोसावा, अशी गोखल्यांची अपेक्षा होती.

विरोध याच मुद्द्यांवर झाला. तिजोरीवर भार पडेल, लोकांची तशी मागणी नाही आणि पालकांवर सक्ती करणे योग्य नाही, असे आक्षेप सरकारी पक्षाने घेतले. काही जमीनदार सदस्यही विरोधात गेले. महंमद अली जिना व मदनमोहन मालवीय यांनी पाठिंबा दिला. १९ मार्च १९१२ रोजी विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले.

नागरी स्वातंत्र्याविषयीची भूमिका

१८९७ मध्ये पुण्यातील प्लेगच्या तपासणीत सैनिकांनी केलेल्या अत्याचारांची तक्रार गोखल्यांनी इंग्लंडमध्ये मांडली. परंतु माहिती देणारे पुढे न आल्याने मायदेशी परतल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. १९०७ च्या सभाबंदी विधेयकाला त्यांनी कायदेमंडळात विरोध केला. १९१० च्या वृत्तपत्र कायद्याला मात्र त्यांनी विरोध केला नाही, आणि त्याबद्दल त्यांच्यावर कठोर टीका झाली. सरकारशी सहकार्य राखून हक्क मिळविण्याच्या त्यांच्या मार्गाची मर्यादा या प्रसंगी उघड झाली.

वारसा

गोखले यांच्या निधनानंतर तीन वर्षांनी, १९१८ मध्ये, विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांना शिक्षणसक्तीचा अधिकार देणारा कायदा झाला. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वर्षांच्या बालकांचा शिक्षणाचा हक्क मूलभूत ठरला आणि त्यासाठीचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. हक्क मान्य झाला, तरी त्याचा खर्च केंद्र, राज्य आणि स्थानिक संस्था यांनी कसा वाटून घ्यावा, हा गोखल्यांनी १९११ साली उपस्थित केलेला प्रश्न अद्याप चर्चेत आहे.